‘सर देवमाणूस आहेत, तुमच्याकडे पुरावा आहे का?’

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आमचं लहानसं क्रीडा मंडळ आहे. शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी सहा ते साडेसात खो-खोचा सराव चालतो. आठ ते सतरा वयाची साठेक मुलं-मुली येतात. बहुतेक घरं यंत्रमागावर आणि विडीवर चालणारी. माझी दोन्ही मुलं इथेच खेळतात. दिवाळीनंतर मला मंडळाची चिटणीस केलं.

आमचे सर बारा वर्षं एक रुपया न घेता शिकवतात. मुलं राज्यापर्यंत पोचवलीत त्यांनी. किशोरी संघातली तेरा वर्षांची एक मुलगी शहराबाहेरच्या विडी कामगार वसाहतीतून येते. सराव संपेपर्यंत तिची बस चुकते, म्हणून सर तिला रोज मोटारसायकलवरून घरी सोडतात. तिला त्यांनी बूट घेऊन दिले, मोबाईलचा रिचार्जही तेच करतात. पोटऱ्या धरल्या की साहित्याच्या खोलीत नेऊन स्वतः तेल लावून चोळून देतात. तिलाच असं नाही, इतर मुलामुलींनाही. परवा ती मला सामन्याचे फोटो दाखवत होती. फोटो सरांनीच पाठवलेले. वर सरकवताना रात्री सव्वाअकराचा मेसेज दिसला : ‘झोपलीस का? आज माझ्याशी नीट बोलली नाहीस. आईला दाखवू नको, उगाच गैरसमज होतो.’ मी काहीच बोलले नाही, पण पोटात गोळा आला.

अध्यक्षांना सांगितलं तर म्हणाले, सर देवमाणूस आहेत, तुमच्याकडे पुरावा आहे का? पोलिसांत गेलात तर मंडळ बंद पडेल आणि आईबाप उद्याच मुलींना घरी बसवतील. पुढच्या महिन्यात जिल्ह्याबाहेर तीन दिवसांची स्पर्धा आहे, मुक्काम शाळेच्या वर्गात, सोबत एकटे सर. माझा संशय खोटा ठरला तर एका भल्या माणसाचं आयुष्य नासेल. खरा ठरला तर? मी काय करू?
— एक चिटणीस, सोलापूर

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर :

ताई, स्पर्धा, मंडळ, अध्यक्ष हे सगळं घडीभर बाजूला ठेवू. आधी त्या मुलीचं बघू, कारण तिच्या बाबतीत उशीर परवडणारा नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते ‘आईला दाखवू नको’ हे वाक्य. घरी सोडण्याला कारण असू शकतं, बस चुकते. बूट घेऊन देण्यालाही असू शकतं. आपल्याकडे कितीतरी प्रशिक्षकांनी पदरमोड करून पोरांना बूट घेतलेत, आणि त्या पोरांनी पुढे नाव काढलंय. रात्री सव्वाअकराच्या मेसेजलाही कुणी ओढूनताणून कारण शोधेल. पण मोठ्या माणसानं तेरा वर्षांच्या लेकराला आईपासून काही लपवायला सांगावं, याला कुठलंही चांगलं कारण मला दिसत नाही. तुमच्या पोटात गोळा आला तो योग्यच होता.

मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस पहिल्या दिवशी वाईट वागत नाही. आधी तो उपयोगी पडतो. बाप रात्रपाळीला मागावर आणि आई दिवसभर विड्या वळून, त्या कारखान्यात पोचवून थकून आलेली, अशा घरात ‘मी सोडतो हिला, काळजी करू नका’ हे वाक्य किती मोलाचं वाटत असेल! मग वस्तू येतात. मग ‘तू बाकीच्यांसारखी नाहीस’ असं कौतुक येतं. मग फक्त दोघांचं बोलणं, रुसवे-फुगवे, आणि शेवटी गुपित. बालसंरक्षणात काम करणारी माणसं याला ग्रूमिंग म्हणतात. यात एकटं मूल गुंतत नाही, घरचे आणि मंडळही गुंततं. म्हणून असा माणूस पुष्कळदा सगळ्यांचा लाडका असतो, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. सर देवमाणूस आहेत असं अध्यक्षांना मनापासून वाटत असेल, पण त्यातून काहीच ठरत नाही.

सर दोषी आहेत असं मी म्हणत नाही. ते मला ठरवता येणार नाही, तुम्हालाही नाही आणि अध्यक्षांनाही नाही. ते पोलिसांचं आणि कोर्टाचं काम. अध्यक्षांची गल्लत इथेच झाली आहे. पुरावा गोळा करून मगच तोंड उघडायचं, अशी अपेक्षा कायद्यानं तुमच्याकडून केलेलीच नाही. ‘लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण’ हा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला लागू आहे. त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा तो होण्याची ज्याला धास्ती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीनं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलं पाहिजे. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. तुमचा संशय उद्या निराधार ठरला तरी तुम्ही गुन्हा केलेला नसेल. जाणूनबुजून, कुणाचा सूड घ्यायला खोटी तक्रार करणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

अध्यक्षांना एक गोष्ट जरूर दाखवा. कलम २१ प्रमाणे गुन्हा कळवला नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मंडळ वाचवायला म्हणून गप्प बसायचं, तर आधी अध्यक्षच अडचणीत येतात.

आता आज काय करायचं ते.

आजच १०९८ ला फोन लावा. ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा : मेसेजचे शब्द, तारीख, वेळ, रोजचा मोटारसायकलचा प्रवास, साहित्याच्या खोलीतलं तेल चोळणं. ‘मला वाटतं’ आणि ‘मी पाहिलं’ यांची सरमिसळ होऊ देऊ नका. पुढचं पाऊल कोणतं, मुलीशी कोणी आणि कसं बोलायचं, पोलिसांना कसं कळवायचं, हे त्यांना विचारा. जिल्ह्यात बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथेही तुम्हाला दाद मागता येते. आणि मुलगी स्वतःहून काही बोलली, किंवा तुम्हाला याहून जास्त काही कळलं, तर मग विचारत बसू नका. त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा. जिवाला धोका वाटला तर ११२.

मोटारसायकल आज संध्याकाळपासून थांबली पाहिजे. त्यासाठी सरांना जाब विचारायची गरज नाही, आणि कृपा करून विचारूही नका. तुम्ही समोर जाऊन मेसेजबद्दल बोललात तर पहिल्या तासात मेसेज पुसले जातील आणि दुसऱ्या तासात मुलीवर दडपण येईल. सरावाची वेळ बदला. सहाऐवजी पाचला सुरू करा. मंडळानं बारा वर्षांत सरावाची वेळ तासभर अलीकडे घेतली असती तर त्या मुलीची बस चुकलीच नसती, आणि कुणाच्या उपकारावर घरी जायची पाळी तिच्यावर आली नसती! तोपर्यंत तिला बसमध्ये बसवून द्यायला तुम्ही स्वतः जा, किंवा त्याच बाजूच्या दोन-तीन मुलींना एका रिक्षात घालून पैसे मंडळानं द्या. कारण विचारलं तर सांगा, परीक्षा जवळ आल्यात, मुलींना वेळेत घरी पोचवायचंय. ते खोटंही नाही.

मुलीशी बोलायची वेळ आली तर मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसाल पण कुणाला ऐकू येणार नाही अशा जागी बसा. फार काही बोलू नका. ‘तू फोटो दाखवत होतीस तेव्हा सरांचा एक मेसेज माझ्या नजरेला पडला. तुझी काही चूक नाही. तुला मला काही सांगायचंय का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती गप्पच राहिली तरी चालेल, घाई करू नका. ‘सरांनी तुला हात लावला का’ असे उत्तर तोंडात घालणारे प्रश्न विचारायचे नाहीत. पोर घाबरून हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल, आणि पुढे तपासात तेच प्रश्न अडचणीचे ठरतील. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर चुकूनही देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. त्यापेक्षा सांगा, ‘तुला मदत करणाऱ्या माणसांनाच मी सांगेन, आणि कुणाला सांगितलं ते तुलाही सांगेन.’ ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, तेलुगूत बोलली तर तेलुगूतच, घरी जाऊन लगेच वहीत उतरवा. खाली तारीख, वेळ, सही. आणि तिला तेच पुन्हा अध्यक्षांसमोर, पुन्हा कार्यकारिणीसमोर सांगायला लावू नका. एकदा सांगितलं की पुरे. पुढचं ऐकायला प्रशिक्षित माणसं आहेत.

तिच्या आईला भेटायला तिच्या घरी जा. फोनवर नको. बाईला एकदम धक्का बसेल, संताप येईल, आणि आपल्याकडे असा संताप पहिल्यांदा पोरीवरच निघतो. म्हणून दारातच दोन गोष्टी मागून घ्या : तिला मारायचं नाही, आणि तिचा मोबाईल काढून घेऊन त्यातलं काही पुसायचं नाही. फोन आहे तसा राहू द्यावा. त्या मेसेजचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर, वस्तीतल्या ग्रुपवर टाकण्याचा मोह कुणालाही होऊ नये. मुलाची ओळख उघड करायला पोक्सोत मनाई आहे, आणि कायदा नसता तरी त्या पोरीला उद्या त्याच गल्लीतून शाळेला जायचं आहे.

पोलीस म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर ठाण्याची पायरी, गणवेश आणि तासन्‌तासांचं ताटकळणं येतं. आईला समजावताना हे सांगा : मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा, असं कायद्यातच लिहिलं आहे. आईवडील किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस शेजारी असतं. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. वैद्यकीय तपासणीची वेळ आलीच तर मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. हे सगळं तिचा हक्क म्हणून मागायचं.

एक गोष्ट मात्र मंडळाला कदापि करू देऊ नका : ‘बैठक घेऊन मिटवू’. चार वडीलधारी बोलवायची, सरांना समज द्यायची, सरांनी हात जोडायचे, आणि मुलीच्या बापाला ‘झालं गेलं विसरा’ म्हणायचं. असल्या बैठका आपल्या सगळ्या पेठांमध्ये झालेल्या आहेत. त्यात मूल एकटं पडतं आणि माणूस शहाणा होऊन दुसऱ्या मैदानावर जातो.

अध्यक्षांना सगळं लेखी द्या. काय पाहिलं, कधी सांगितलं, आपली मागणी काय, अशी आठ-दहा ओळींची चिठ्ठी पुरे. मुलीचं नाव त्यात घालू नका. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. मागणी एवढीच की चौकशी पूर्ण होईपर्यंत सरांनी मुलांबरोबरचं काम थांबवावं. फक्त हे पत्र १०९८ किंवा पोलिसांशी बोलणं झाल्यानंतर द्या, आधी नको. आणि अध्यक्ष नाहीच म्हणाले, तरी तुमचा हात कुणी धरलेला नाही. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं म्हटलंय, ‘कार्यकारिणीच्या ठरावानं’ असं नाही.

काम थांबवणं म्हणजे दोषी ठरवणं नव्हे, हे सरांनाही सन्मानानं सांगता येतं. त्यांची बाजू ऐकली जाईलच. पण चौकशी चालू असताना त्यांनी मैदानावर येत राहायचं आणि मुलीनं घरी बसायचं, हे मला कुठल्याही अंगानं न्यायाचं वाटत नाही.

आणि नेमकं हेच होईल म्हणून मी इतकी जोर देऊन लिहिते आहे. तुमच्या अध्यक्षांनी म्हटलंय ना, आईबाप मुलींना घरी बसवतील? बसवतीलही. वस्तीतल्या मुलीला बाहेर पडून पळायला, आरडाओरडा करायला, खांबाला वळसा घालून धापा टाकत हसायला दिवसातला तेवढाच दीड तास मिळतो. चूक मोठ्या माणसाची आणि मैदान सुटणार मुलीचं, असं झालं तर त्या पोरी यातून काय शिकतील? की बोललं की खेळ जातो. मग पुढची कुणी बोलणार नाही. त्या मुलीचं नाव संघातून काढू नका, तिची बसायची जागा तीच ठेवा, आणि ते बूट तिचेच आहेत, ते परत करायला तिला लावू नका. पालकांची सभा घ्या तेव्हा मुलीबद्दल किंवा प्रकरणाबद्दल अवाक्षर न काढता एवढंच सांगा की मंडळ मुलांच्या सुरक्षिततेचे नियम करतंय, ते हे हे आहेत, आणि सराव चालू राहणार आहे. मुलींना घरी बसवणाऱ्या आयांना ‘मैदानावर येऊन बसा’ म्हणा. दोन चटया टाका कडेला.

मोठ्या नावाजलेल्या संस्थाही इथेच घसरल्या आहेत. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण करत होता. काहींच्या बाबतीत तर आईवडील त्याच खोलीत बसलेले असत, तो मध्ये उभा राहून आडोसा करायचा. २०१५ च्या उन्हाळ्यात संघटनेच्या कानावर तक्रार आली, तेव्हा तपास यंत्रणेला कळवायला तिनं पाच आठवडे घेतले. एका वर्तमानपत्रानं २०१६ मध्ये हे बाहेर काढेपर्यंत तो विद्यापीठात रुग्ण तपासत होता. २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून जास्त जणी कोर्टात उभ्या राहून बोलल्या आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये २०१६ साली अँडी वुडवर्ड हा माजी फुटबॉलपटू लहानपणच्या प्रशिक्षकानं केलेल्या शोषणाबद्दल जाहीरपणे बोलला आणि त्याच्यामागून कितीतरी पुरुष पुढे आले. ते सगळे एके काळी खेळात पुढे जायचं स्वप्न घेऊन आलेले मुलगे होते. म्हणून तुमच्या मुलग्यांनाही हे सगळं लागू आहे, ताई. आपल्याकडे मुलग्याला काय होतंय, असं म्हणून त्याच्याकडे बघतच नाहीत.

यातून तुमच्या मंडळानं घ्यायचं ते असं की माणूस पारखत बसू नका, व्यवस्था बदला. चांगला कोण, वाईट कोण हे ओळखण्याची विद्या कुणाकडे नाही. पण एक मोठा माणूस आणि एक मूल बंद दाराआड किंवा बाकीच्यांच्या नजरेआड एकटे राहणार नाहीत, एवढं ठरवून पाळता येतं. हा नियम सरांसाठी, अध्यक्षांसाठी, तुमच्यासाठी, पाहुण्या पंचांसाठी, सगळ्यांसाठी एकच. सरांपुरता केलात तर तो शिक्षा वाटेल आणि महिन्यात मोडेल.

त्यात तेल चोळण्याची जी प्रथा आहे ती आजपासून बंद. पोटरी धरली तर मुलाला मैदानातच बसवा, पाय कसा ताणायचा ते शिकवा, पाणी द्या. दुखणं मोठं असेल तर पालकांना बोलवा आणि डॉक्टरकडे पाठवा. साहित्याच्या खोलीचं दार सरावाच्या वेळी उघडंच राहील आणि मुलं आत जातील ती दोघं-तिघं मिळून. खो-खोत स्पर्श टळत नाही, हे मला ठाऊक आहे. चौकातली बैठक कशी हवी, पाठ किती वाकवायची, हे कधी हात लावून दाखवावं लागतं. ते सगळ्यांसमोर करा, ‘पाठीला हात लावतोय हं’ असं सांगून करा, आणि मूल अंग चोरत असेल तर एखाद्या मोठ्या खेळाडूकडून बैठक करून दाखवा.

मेसेजचं तर सोपं आहे. प्रशिक्षकानं कुठल्याही मुलाला वैयक्तिक मेसेज करायचा नाही. जे सांगायचं ते ग्रुपवर, आणि ग्रुपमध्ये पालक आणि मंडळाचे दोघे असलेच पाहिजेत. रात्री नऊनंतर काही नाही. बूट, रिचार्ज, खुराक, कुणाला काही द्यायचं असेल तर मंडळाच्या नावानं, वहीत नोंद करून. दाता कितीही मनाचा मोठा असला तरी मुलाला कळू नये की हे अमक्यानं दिलं, म्हणजे मूल कुणाचं देणं लागत नाही.

पोक्सोचे २०२० चे नियम आहेत, त्यात क्रीडा अकादमींचा नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यावी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण द्यावं, असं ते सांगतात. ‘आमचं छोटं मंडळ, आमचे सर मानधनही घेत नाहीत’ म्हणून यातून अंग काढून घेऊ नका. शिकवणाऱ्या प्रत्येकाचा पडताळणी दाखला मागा. पण दाखला आला म्हणजे काम झालं असं समजू नका. ज्याची तक्रारच कधी झाली नाही, त्याचा दाखला स्वच्छच येतो.

मुलांना सांगायला जागा हवी. कार्यकारिणीबाहेरच्या दोन व्यक्ती नेमा, त्यातली एक बाई, आणि दोघींपैकी किंवा दोघांपैकी कुणी सरांच्या किंवा अध्यक्षांच्या नात्यातलं नको. पूर्व भागात आहात, तेव्हा एकीला तरी तेलुगू उत्तम आलं पाहिजे. कन्नड किंवा उर्दू बोलणारं कुणी मिळालं तर फारच बरं. भेदरलेलं पोर घरच्या भाषेतच बोलतं. त्यांची नावं, फोन नंबर आणि १०९८ मैदानाच्या फाटकावर रंगवून घ्या, कागद चिकटवू नका, तो पहिल्या पावसात जातो. नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी त्याला आणि आईला ते दाखवा.

शिव्या, छडी, ‘जाडी’, ‘काळी’ अशी हाक, चूक झाली म्हणून उन्हात फेऱ्या, हेही याच खात्यात मोडतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर असतो, तिथे सुट्टीतला सराव सकाळी आठच्या आत संपला पाहिजे आणि पाणी प्यायला परवानगी मागायला लागू नये. रोज अपमान सोसायची सवय झालेल्या मुलाला मोठ्या माणसाला नाही म्हणता येईल, अशी आशा कशी धरायची?

राहता राहिली स्पर्धा. एकट्या पुरुषाबरोबर मुलींचा संघ मुक्कामी पाठवायचा नाही, मग ते सर असोत की दुसरे कुणी. मुलींसोबत किमान दोन बायका हव्यात, आया चालतील, आणि त्यांची तिकिटं मंडळानं काढावीत. मुलींचा वर्ग वेगळा, मुलांचा वेगळा, मोठी माणसं कुठल्याच वर्गात मुलांबरोबर झोपणार नाहीत. बायका शेजारच्या वर्गात. शाळेतलं स्वच्छतागृह कुठे आहे, रात्री तिथे दिवा असतो का, आतून कडी लागते का, हे आयोजकांना आजच फोन करून विचारा. कडी नाही म्हणाले तर चार आण्याच्या कामासाठी मुली अडून राहतात, कडी लावून घ्यायला सांगा. आंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या जागी मोबाईल न्यायचा नाही, कुणीच नाही. प्रत्येक मुलीनं रोज रात्री घरी एक फोन करायचा, आणि तिला घरी यावंसं वाटलं तर कारण न विचारता आणायची सोय आधीच करून ठेवायची.

संघाला मार्गदर्शन कोण करणार, हा प्रश्न उरेल. तुमच्याकडून राज्यापर्यंत खेळून आलेल्या थोरल्या मुलींपैकी एखादी आता वीस-बावीसची असेल. तिला विचारा. सरांच्या हाताखाली तयार झालेली आहे, डाव तिला ठाऊक आहेत. प्रवेशिका भरायच्या मुदतीपर्यंत दोन बायका आणि एक प्रशिक्षक मिळाला तर संघ पाठवा, आणि त्यात त्या मुलीचं नाव असू द्या. नाही मिळाले तर यंदा जाऊ नका, आणि मुलींना न जाण्याचं खरं कारण सांगा : सोबतीला मोठ्या बायका मिळाल्या नाहीत. ती मंडळाची उणीव, त्यांची नाही.

१०९८ ला फोन झाला की मला कळवा. पुढचं पत्र मी छापणार नाही, तुम्हाला थेट उत्तर देईन.